अहिल्यानगरचा बाजार कोणाच्या हाती?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड आणि अहिल्यानगर ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली गेली. आष्टीपर्यंतचा टप्पा २०२२ मध्येच पूर्ण झाला होता. परंतु बीडच्या प्रवाशाला थेट नगरच्या स्थानकावर उतरता यावे यासाठी त्या भागाने कित्येक दशके वाट पाहिली. या घटनेचा आनंद मराठवाड्याइतकाच नगरच्या बाजारपेठेलाही वाटावा, असे तिचे महत्त्व आहे. कारण नगरचा कापड बाजार केवळ शहरातील गिऱ्हाइकावर कधीच उभा नव्हता. पाथर्डी, जामखेड, श्रीगोंदे, पारनेर आणि सीमेपलीकडचे आष्टी, पाटोदे येथील शेतकरी कुटुंबांनी लग्नाचा बस्ता येथे बांधला, दागिने येथे घडवले, भांडीकुंडी येथून नेली. आता त्या कुटुंबांच्या दाराशी रेल्वे आली आहे. प्रश्न असा आहे की, स्थानकावर उतरलेल्या त्या गिऱ्हाइकाला पुढील दहा वर्षांनी नगरमध्ये नेमके काय दिसणार? पिढीजात दुकानांचा नांदता बाजार दिसणार, की कोणत्याही शहरात दिसतात तीच चार नावे मिरवणारी काचेची इमारत दिसणार?

हा प्रश्न आज विचारण्याचे आणखी एक कारण आहे. २०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. त्याच जिल्ह्यातील चौंडी येथे ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे त्रिशताब्दी वर्षही नुकतेच पार पडले. नामांतर ही समाजाच्या स्वाभिमानाची खूण होती आणि ते व्हावे यासाठी अनेकांनी दीर्घकाळ आग्रह धरला होता. मात्र नाव बदलले की जबाबदारीही बदलते. अहिल्यादेवींची ओळख घाट आणि मंदिरे बांधणारी राज्यकर्ती म्हणून घराघरांत आहे. पण त्यांनी महेश्वरला विणकर आणून वसवले, त्यांच्या मालाला दरबाराचा आश्रय दिला आणि नर्मदाकाठच्या त्या गावाला कायमची उपजीविका दिली, याचा उच्चार तेवढा होत नाही. कारागीर आणि व्यापारी यांना वसवणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, हा त्यांच्या कारभाराचा धडा आहे. त्यांचे नाव धारण करणाऱ्या शहरात बाजाराचा पुनर्विकास व्हायचा तर तो याच कसोटीवर तपासला गेला पाहिजे.

पुनर्विकास नको, असे कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचा मध्यभाग बैलगाडीच्या मापाने बांधलेला आहे. दाळमंडई, आडते बाजार, तेलीखुंट, कापड बाजार, मोची गल्ली, घास गल्ली, नवी पेठ, चितळे रस्ता अशा एकमेकींत गुंतलेल्या पेठांत मालाची वाहने, दुचाक्या, पायी चालणारी गिऱ्हाइके आणि रस्त्यावर बसणारे विक्रेते एकाच वेळी वाट शोधत असतात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशा जुन्या वाड्यांची लाकडे कुजली आहेत, विजेच्या तारा लोंबत आहेत. एखाद्या गल्लीत आग लागली तर बंब आत कसा शिरणार, हा विचारही अंगावर काटा आणतो. सबंध दिवस खरेदीसाठी आलेल्या खेड्यातील भगिनीला स्वच्छ स्वच्छतागृह सापडू नये, ही तर कोणत्याही बाजारपेठेला लाजिरवाणी गोष्ट आहे. जुने ते सोने या भावनेने ही दुरवस्था झाकता येत नाही. विशाल गणपतीच्या या नगरीत विसर्जनाची मिरवणूक याच पेठांमधून निघते. तेव्हा या पेठा केवळ व्यापाराच्या नव्हेत, त्या शहराच्या सार्वजनिक जीवनाची वाट आहेत. ती वाट सुरक्षित आणि सुंदर व्हायलाच हवी.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शहराचा तोल बाहेरच्या बाजूला कलला. सावेडी, केडगाव ही उपनगरे वाढली, नोकरदार मध्यमवर्ग तिकडे राहायला गेला, आणि त्याच्या मागोमाग रुंद रस्त्यांवर साखळी दुकानेही उभी राहिली. २०२२ मध्ये शहरातून जाणारा उड्डाणपूल खुला झाल्यावर बाहेरगावची वाहने शहराच्या डोक्यावरून निघून जाऊ लागली. गाडी लावायला जागा, वातानुकूलित दालन, ठरलेला भाव, छापील पावती आणि माल बदलून मिळण्याची खात्री या गोष्टी ज्याला एकदा मिळाल्या, तो पुन्हा गर्दीच्या गल्लीत सहजासहजी येत नाही. हे सत्य व्यापाऱ्यांनी नाकारून चालणार नाही. परंतु बाजाराच्या मध्यभागावर येऊ घातलेले संकट केवळ स्पर्धेचे नाही. ते जमिनीच्या हिशोबाचे आहे, आणि तो हिशोब समजून घेतल्याशिवाय पुनर्विकासाच्या कोणत्याही आराखड्याला संमती देणे घातक ठरेल.

हा हिशोब असा. जुन्या वाड्याचा मालक एक, त्याचे वारस अनेक, आणि दुकान चालवणारा बहुधा भाडेकरू. भाडे नाममात्र असल्यामुळे मालक दुरुस्ती करत नाही आणि दुकानावरील हक्क डळमळीत असल्यामुळे भाडेकरूही करत नाही. मग विकासक येतो. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने जुन्या, मोडकळीस आलेल्या भाडेकरूंच्या इमारतींना वाढीव चटईक्षेत्राचे प्रोत्साहन दिलेले असल्याने असे काम आता परवडू शकते. तळमजल्यावरील रस्त्याकडेची जागा सर्वांत महाग. तेव्हा ती सलग आणि मोठी करून एखाद्या साखळी दुकानाला देण्याकडे विकासकाचा कल असणार. पंधरा फुटांचे जुने दुकान वरच्या मजल्यावर जाते आणि गिऱ्हाईक जिना चढत नाही, हा अनुभव महाराष्ट्रातील बहुतेक व्यापारी संकुलांनी घेतला आहे. बांधकाम चालू असताना तीन-चार वर्षे दुकान दुसरीकडे न्यावे लागते, आणि तेवढ्या काळात दोन पिढ्यांचे गिऱ्हाईक तुटते. परत आल्यावर देखभाल शुल्क, वाढलेला मालमत्ता कर आणि सजावटीचा खर्च यांनी कंबर मोडते. शेवटी तो दुकानदार आपला गाळा विकतो. कोणी त्याला हुसकावलेले नसते, कागदोपत्री अन्याय कुठेच दिसत नाही. तरीही बाजार हातातून गेलेला असतो.

नगरकरांना याची एक झलक पाहायला मिळालेली आहे. चितळे रस्त्यावरील महापालिकेचे नेहरू मार्केट नव्या संकुलासाठी पाडण्यात आले आणि त्यानंतर नवे काम वर्षानुवर्षे रखडले. भाजीविक्रेते रस्त्यावर आले, रस्ता अरुंद झाला, आणि मग त्याच विक्रेत्यांना अतिक्रमण करणारे म्हणून हिणवले गेले. आधी पाडायचे आणि मग विचार करायचा, ही पद्धत एका मंडईपुरती जेवढी महाग पडली, त्याच्या कितीतरी पट महाग ती संपूर्ण पेठेसाठी पडेल.

महापालिकेच्या बाजूनेही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जकात होती तोवर बाजारात येणाऱ्या मालाशी शहराच्या तिजोरीचा थेट संबंध होता. बाजार चालला तर तिजोरी भरे. पुढे स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. व्यापाऱ्यांची नाक्यावरच्या जाचातून सुटका झाली, हे योग्यच झाले. पण त्याबरोबर बाजाराच्या भरभराटीशी असलेले महापालिकेचे नातेही सैल झाले. आज पालिकेच्या हाती मुख्यतः मालमत्ता कर आणि बांधकामावरील शुल्क उरले आहे. साहजिकच गजबजलेल्या जुन्या गल्लीपेक्षा उंच नवी इमारत तिला अधिक लाभाची वाटते. यात कोणाचा दुष्ट हेतू असण्याची गरज नाही. व्यवस्थेचे गणितच तसे झाले आहे. म्हणूनच समाजाने जागृत राहून त्या गणितात स्वतःची बाजू मांडणे आवश्यक आहे.

साखळी दुकानांविषयी बोलताना भावनेपेक्षा विवेकाची गरज अधिक आहे. १९९१ मध्ये दत्तोपंत ठेंगडींच्या मार्गदर्शनाखाली स्वदेशी जागरण मंच उभा राहिला, तेव्हा संकट विदेशी भांडवलाचे होते आणि ते स्पष्ट दिसत होते. २०१२ मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के विदेशी गुंतवणुकीला परवानगी देण्यात आली, तेव्हाही देशभरातील व्यापाऱ्यांनी एकमुखाने विरोध केला. पुढे २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टमधील बहुसंख्य हिस्सा विकत घेऊन मागच्या दाराने प्रवेश केलाच. परंतु आज नगरसारख्या शहराच्या वेशीवर उभी असलेली बहुतेक साखळी दुकाने भारतीय मालकीची आहेत. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टची मार्च २०२५ अखेर देशात ४१५ दुकाने झाली. हे उद्योग भारतीय आहेत, ते कर भरतात, रोजगार देतात आणि मध्यमवर्गीय गृहिणीचे दरमहा चार पैसे वाचवतात. त्यांना शत्रू ठरवणे न्यायाचे होणार नाही.

मात्र भांडवल स्वदेशी असले म्हणजे व्यवस्था स्वदेशी होते, असेही नाही. १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी करताना पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी अर्थव्यवस्थेच्या केंद्रीकरणाला विरोध केला होता, मग ते केंद्रीकरण शासनाच्या हाती असो वा मूठभर धनिकांच्या. प्रत्येक समर्थ व्यक्तीला काम मिळावे आणि निर्णयाचा अधिकार शक्य तितका खालपर्यंत राहावा, हा त्या विचाराचा गाभा आहे. कापड बाजारातील दुकानदार कोणता माल ठेवायचा, कोणाला उधारी द्यायची, गणेशोत्सवाच्या वर्गणीला किती द्यायचे, हे स्वतः ठरवतो. उसाचे बिल मिळेपर्यंत थांबण्याची तयारी तो दाखवतो, कारण त्याला समोरच्याचे गाव आणि घराणे ठाऊक असते. साखळी दुकानाच्या व्यवस्थापकाला यांपैकी काहीही ठरवण्याचा अधिकार नसतो. ते निर्णय मुंबईत किंवा बंगळुरूत होतात. आणि जो निर्णय दूरच्या कार्यालयात होतो, तो एका दिवसात उलटही होऊ शकतो. २००९ च्या सुमारास सुभिक्षा या साखळीची देशभरातील दीड हजारांहून अधिक दुकाने बंद पडली. २०२२ मध्ये बिग बाजारच्या शेकडो दुकानांवरचे नावच उतरले. ज्या शहराने आपला सारा मध्यभाग अशा एखाद्या साखळीच्या भरवशावर सोपवला असेल, त्याच्या हाती अशा दिवशी रिकामे दालन तेवढे उरते.

जगाचा अनुभव याहून वेगळा नाही. फ्रान्सने १९७३ मध्ये कायदा करून मोठ्या दुकानांना स्थानिक समितीची परवानगी बंधनकारक केली. जपाननेही १९७४ पासून मोठ्या दुकानांच्या उभारणीवर लहान व्यापाऱ्यांच्या हिताचा विचार करणारे निर्बंध लागू केले. बाहेरच्या, विशेषतः अमेरिकेच्या दबावाखाली ते हळूहळू सैल होत गेले आणि २००० मध्ये तो कायदा रद्द झाला. वृद्ध होत चाललेली लोकसंख्या आणि मोटारीवर अवलंबून असलेले जीवन यांची त्यात भर पडून जपानच्या अनेक लहान शहरांतील जुन्या बाजारपेठा ओस पडल्या. खाली ओढलेल्या शटरांच्या त्या गल्ल्यांना आता जपानी भाषेत ‘शटर गल्ली’ अशा अर्थाचे नावच पडले आहे. शिस्त, उद्योगशीलता आणि राष्ट्रभक्ती यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या समाजावर ही वेळ येते, तर येथील समाजाने बेसावध राहण्यात शहाणपण नाही.

पण दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी व्यापारी बंधूंनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. दुकानातील माल पदपथावर मांडायचा, दुकानापुढची जागा रोजच्या भाड्याने देण्याचे प्रकारही काही ठिकाणी चालू द्यायचे आणि पुन्हा रस्ता अडतो म्हणून मोर्चा काढायचा, हे विसंगत आहे. पावती मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे संशयाने पाहणे, विकलेला माल परत न घेण्याची पाटी अभिमानाने लावणे, खेड्यातून आलेल्याला एक भाव आणि शहरातल्याला दुसरा भाव सांगणे या सवयी ज्या काळात खपल्या तो काळ संपला. हातगाडीवाला आणि फेरीवाला हादेखील या बाजाराचाच घटक आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला हटवता येत नाही आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात. कायद्याने नेमून दिलेली ही समिती सक्षमपणे चालली, विक्रीची क्षेत्रे आखली गेली, तर दुकानदार आणि फेरीवाला यांच्यातील रोजचा संघर्ष मिटेल. शिस्त सर्वांना सारखी लागू झाली पाहिजे, मग समोर दुकानदार असो वा फेरीवाला, आणि तो कोणत्याही जातीचा वा पंथाचा असो. तरच त्या शिस्तीला नैतिक बळ येते.

मग मार्ग कोणता? तो शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही; या जिल्ह्यानेच तो दोनदा दाखवला आहे. पहिला लोणीला. ऊस पिकवणारा शेतकरी सावकार आणि खासगी कारखानदार यांच्या कचाट्यात होता, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांनी साथ दिली, आणि १९५० मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एकट्याला जे यंत्र परवडत नव्हते, ते हजारोंनी मिळून विकत घेतले. आज कापड बाजारातील दुकानदाराची स्थिती निराळी नाही. एकत्र खरेदी, एकच गोदाम, संगणकावरील सामाईक नोंदी, घरपोच सेवा आणि संपूर्ण बाजारासाठी माल बदलून देण्याचा एकच नियम या गोष्टी एकट्याच्या आवाक्याबाहेरच्या असल्या, तरी दोनशे दुकानदारांच्या सहकारी संस्थेच्या आवाक्यातल्या आहेत.

दुसरा मार्ग हिवरे बाजारचा. नगरपासून जवळच असलेल्या या गावात १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभेने स्वतःवर काही बंधने घालून घेतली. पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, शेतीसाठी विंधनविहिरी खोदायच्या नाहीत, आणि गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. यांतील शेवटचा निर्णय पुनर्विकासाच्या संदर्भात विशेष विचार करण्याजोगा आहे. जलसंधारणाने जमिनीची किंमत वाढली, आणि नेमकी त्याच वेळी ती विकून टाकण्याचा मोह गावाने नाकारला. म्हणून वाढलेल्या किमतीचे फळ गावातच राहिले. हीच रीत बाजारपेठेत आणता येईल. पुनर्विकासानंतर कोणाला गाळा विकायचा असेल, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क व्यापाऱ्यांच्या सहकारी संस्थेला राहील, असा करार बांधकामापूर्वीच करून घ्यावा. सक्ती कोणावर नाही, बाजारभावापेक्षा एक रुपयाही कमी नाही. पण बाजाराची मालकी बाजारातच राहील.

याच शहराने सहकाराची काळी बाजूही पाहिली आहे, तीही विसरता येत नाही. १९१० मध्ये स्थापन झालेल्या नगर अर्बन सहकारी बँकेवर व्यापाऱ्यांच्या आणि मध्यमवर्गाच्या तीन पिढ्यांनी विश्वास ठेवला. बाजारातील एका रस्त्याला लोक आजही अर्बन बँक रस्ता म्हणतात. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने त्या बँकेचा परवाना रद्द केला, आणि पाच लाखांच्या विमा मर्यादेपलीकडे ज्यांच्या ठेवी होत्या त्यांच्यावर आभाळ कोसळले. संस्था आपली आहे म्हणून तिचे हिशोब तपासायचे नाहीत, ही सभासदांची उदासीनता सहकाराला आतून पोखरते. नवी संस्था उभी करायची तर वर्षाला स्वतंत्र लेखापरीक्षण, पदाधिकाऱ्यांच्या नातलगांना व्यवहारबंदी आणि सर्व करार सभासदांसमोर उघडे, ही पथ्ये पहिल्या दिवसापासून पाळावी लागतील.

जागच्या जागी बाजार सुधारता येतो, याची उदाहरणेही आहेत. होळकरांच्याच इंदूरमध्ये छप्पन दुकान हा खाद्यपदार्थांचा प्रसिद्ध परिसर २०२० मध्ये अवघ्या दोन महिन्यांच्या आत नव्याने सजवण्यात आला. दुकाने तीच राहिली. वाहने बाहेर गेली, रस्ता पायी चालणाऱ्यांचा झाला. मुंबईत भेंडीबाजारात दाऊदी बोहरा समाजाने न्यास स्थापून सुमारे साडेसोळा एकरांच्या परिसराचा पुनर्विकास हाती घेतला. सुमारे १२५० दुकानदार आणि ३२०० कुटुंबे यांना त्याच परिसरात मालकी हक्काने परत आणणे, हा त्या योजनेचा पाया आहे. छप्पन दुकान हा लहान परिसर आहे आणि भेंडीबाजारामागे एका श्रीमंत न्यासाचे बळ आहे, म्हणून त्यांची नक्कल नगरमध्ये करता येणार नाही. परंतु दोन्हीकडे आधी माणसे धरली गेली आणि नंतर विटा रचल्या गेल्या, एवढा बोध घेण्यास हरकत नाही.

नगरच्या बाजारपेठेचा कोणताही आराखडा पुढे आला, तर समाजाने त्यासमोर चार अटी ठामपणे ठेवल्या पाहिजेत. पहिली, सर्वेक्षणाची. मालक, भाडेकरू, पोटभाडेकरू, कारागीर, हमाल आणि पथविक्रेता यांची पेठनिहाय यादी जाहीर व्हावी, तिच्यावर हरकती घेतल्या जाव्यात आणि ती अंतिम झाल्याशिवाय एकही वीट हलू नये. दुसरी, टप्प्यांची. संपूर्ण पेठ एकदम न पाडता एक-एक गट घ्यावा. पर्यायी गाळे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असावेत. तळमजल्यावरच्याला तळमजलाच मिळावा. आणि विलंब झाल्यास विकासकाने दरमहा भरपाई द्यावी. तिसरी, आकाराची. मध्यवर्ती पेठांत तळमजल्यावर गाळे जोडून किती मोठे दालन करता येईल, याला मर्यादा असावी. साखळी दुकानांनी वरच्या मजल्यावर किंवा पेठेच्या कडेला यावे, स्वतःच्या वाहनतळासह यावे आणि माल रात्रीच्या वेळी उतरवावा. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात असे बदल शासनाकडे प्रस्तावित करण्याची सोय आहे. फक्त प्रस्ताव करण्याची इच्छा हवी. चौथी, सुविधांची. वाहनतळ, अग्निशमनाची व्यवस्था, भूमिगत वीजवाहिन्या आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे ही कामे व्यापारी गाळ्यांच्या विक्रीवर अवलंबून न ठेवता सर्वप्रथम पूर्ण व्हावीत. यांतील शेवटच्या कामासाठी तर कोणत्याही पुनर्विकासाची वाट पाहण्याचे कारणच नाही.

या सर्वांत कार्यकर्त्यांची आणि सुजाण कुटुंबांची भूमिका काय? दिवाळीत स्वदेशीची प्रतिज्ञा घ्यायची आणि वर्षभर मोबाईलवर बोट फिरवून घरपोच माल मागवायचा, ही विसंगती संघटनेशी जोडलेल्या घरांतही आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बाजाराने गिऱ्हाइकावर उपकार करावेत किंवा गिऱ्हाइकाने बाजारावर दया करावी, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हापासून ग्राहक आणि व्यापारी हे परस्परांचे वैरी नसून एका व्यवस्थेचे घटक आहेत, हीच दृष्टी मांडली गेली आहे. सावेडीतील शंभर कुटुंबांनी महिन्याचा किराणा, सणाचे कपडे, मुलांचे शालेय साहित्य मध्यवर्ती बाजारातून घेण्याचे ठरवले आणि त्याबदल्यात ठरलेला भाव, पावती व माल बदलून मिळण्याची हमी मागितली, तर ती मागणी कोणता दुकानदार नाकारील? एखाद्या शाखेच्या, एखाद्या गणेश मंडळाच्या, एखाद्या महिला भजनी मंडळाच्या आवाक्यातले हे काम आहे. सर्वेक्षणाच्या यादीत भोळ्या भाडेकरूचे नाव सुटू नये म्हणून त्याचे कागद पाहून देणे, हेही तितकेच मोलाचे काम आहे. सभा-संमेलनांपेक्षा अशा कामातून समाज उभा राहतो.

महेश्वरच्या विणकरांची पुढची हकिकतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. राजाश्रय संपला, गिरणीचे कापड आले आणि तेथील माग एकामागून एक थांबले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील व्यक्तींच्याच पुढाकाराने तेथे विणकरांची संस्था उभी राहिली, आणि महेश्वरी साडी पुन्हा देशभर पोहोचली. आश्रय गेल्यावर कला मरणपंथाला लागली आणि संघटन झाल्यावर ती जगली, एवढे त्यात स्पष्ट दिसते. नगरच्या बाजाराला आज राजाश्रय नाही आणि तो मागण्यातही अर्थ नाही. पण संघटन त्याच्या स्वतःच्या हातात आहे. बीडच्या रेल्वेतून उतरलेले एखादे कुटुंब बस्ता बांधायला कापड बाजारात येईल, दुकानदार त्यांना बसायला गादी देईल, पाणी विचारील, गावाकडच्या पावसाची चौकशी करील, आणि शेवटी छापील पावतीही देईल, असा बाजार उभा करता आला, तरच शहराच्या फलकावरचे अहिल्यादेवींचे नाव सार्थ ठरेल.